घरच्या माणसाचा तेलचहा

कॅलिफोर्नियातल्या फ्रीमाँटच्या त्या टाउनहाउसांच्या रांगेत सकाळी आठला धुराचा अलार्म वाजला की शेजारी समजायचे, शिउयिंगने कढई चढवली. दक्षिण चीनच्या डोंगरांतली, डोंग समाजातली ही बाई लेकीच्या हट्टाखातर सहा वर्षांपूर्वी नवऱ्याला घेऊन इथे आली, ती बॅगेत स्वेटरांऐवजी लोखंडी कढई आणि चहा ठेचायचा लाकडी दांडा भरून. तेलात चहापत्ती, आलं, लसूण परतायचं, दांड्याने ठेचायचं, पाणी आणि मीठ घालून उकळायचं, मग वाटीतल्या शेंगदाण्यांवर आणि फुलवलेल्या भातावर ओतायचं, असा तो तेलचहा. आपल्याकडच्या एखाद्या टपरीवाल्याने पाहिला असता तर कपाळाला हात लावला असता.

शेजारची ज्ञानदा, पुण्याहून आलेली इंजिनीअर, त्यांच्याकडे पहिल्यांदा गेली तेव्हा तिची चांगलीच फजिती झाली. वाटीतलं खायला तिला चॉपस्टिकची एकच काडी मिळाली. दुसऱ्या वाटीनंतर तिने आपल्या पद्धतीने वाटीवर हात आडवा धरला. शिउयिंगने तो हळूच बाजूला सारून ओतलंच. चार वाट्या झाल्यावर लेकीने हसत सांगितलं, काडी वाटीवर आडवी ठेव, नाहीतर आई थांबायची नाही. पाहुण्याने काडी आडवी ठेवली की आग्रह संपतो. घरची माणसं असले उपचार करत नाहीत. हवं तेवढं पितात आणि वाटी तिथेच टाकून उठतात. दुसऱ्या दिवशी ज्ञानदाने इंडियन स्टोअरमधून चुरमुऱ्यांची मोठी पिशवी आणून दिली. शिउयिंगला ते गावाकडच्या फुलवलेल्या भातापेक्षाही आवडले, पण कबूल करेल तर शपथ.

नवरा याङ गावी सुतार होता, एकही खिळा न ठोकता घरं उभी करणारा. दोन वर्षांपूर्वी त्याचं विसरणं सुरू झालं. आधी रस्ते गेले, मग दिवसरात्र, मग सांता क्लाराच्या ऑफिसातून दमून आलेल्या लेकीला तो नर्सबाई म्हणू लागला. लेक बाथरूमचं दार लावून रडायची. मी कोण, असं त्यांना विचारत जाऊ नका, असं डॉक्टरांनी बजावलं होतं.

शिउयिंगने कधीच विचारलं नाही. तिला गरजच नव्हती. रोज सकाळी याङ दुसरी वाटी संपवून टेबलावर आपटायचा, मीठ कमी म्हणून कुरकुरायचा आणि वाटी पुढे करायचा. बेचाळीस वर्षं हेच चाललं होतं. इतका उद्धटपणा माणूस फक्त स्वतःच्या बायकोशी करतो. ती कुरकुर कानांवर पडली की तो अजून आपल्याला ओळखतो, एवढं तिला पुरत असे. हल्ली तर ती मुद्दामच मीठ कमी घालायची.

मार्चमधल्या एका शनिवारी याङने दुसरी वाटी संपवली. शिउयिंग कुरकुरीची वाट बघत राहिली. त्याने वाटी दोन्ही हातांनी अलगद खाली ठेवली आणि काडी वाटीवर आडवी ठेवली.

"चहा फार छान झाला होता, बाई," तो म्हणाला. "तुम्हाला उगाच त्रास दिला."

 मीठ आज जवळजवळ घातलंच नव्हतं. शिउयिंगने आणखी एक वाटी भरू का म्हणून विचारलं.

"नको. घरी बायको वाट बघत असेल."

पाहुण्याला अडवून धरता येत नाही. तिने त्याला कोट चढवला, बटणं लावली आणि घरापर्यंत सोडते म्हणाली. दोघं टाउनहाउसांच्या रांगेला वळसा घालून चालू लागले. गाडीत सामान भरणाऱ्या ज्ञानदाने हात केला, पण शिउयिंगचा हात उचलला गेला नाही. याङ वाटभर बायकोबद्दलच बोलत होता. रागीट आहे, पण हाताला चव आहे. सगळ्यांचं झाल्याशिवाय स्वतः गरम वाटी घेत नाही. तिच्यासारखी बाई पंचक्रोशीत सापडायची नाही. मेल्याने बेचाळीस वर्षांत हे एकदाही तोंडावर म्हटलं नव्हतं. शिउयिंग ऐकत होती आणि तिचे डोळे वाहत होते.

वळसा पुरा झाला. आपलं दार दिसताच त्याचा चेहरा खुलला. दार ढकलून तो उंबऱ्यात थांबला आणि आत हाक मारली, "शिउयिंग!"

"मी इथेच आहे," ती मागून म्हणाली.

याङ वळला. आपल्याला इथवर सोडायला आल्याबद्दल त्याने वाकून तिचे आभार मानले, आणि पुन्हा आत तोंड करून बायकोला हाका मारू लागला.