डावीकडे बटणे असलेला स्वेटर

भिंगारहून नगरच्या कॉलेजात मी सायकलने जातो. ग्रंथपाल आहे, उशीर झाला तरी पुस्तके तक्रार करत नाहीत. तरीही गेल्या हिवाळ्यात, सायकल चालवताना अंगावरचे कपडे कोरडे कसे ठेवावेत या विषयात जिल्ह्यात माझ्याइतका गंभीर माणूस नसेल.

दिवाळीनंतर बायको गेली. तेराव्याच्या दुसऱ्या दिवशी थोरल्या बहिणीने तिचे कपाट रिकामे केले. गेलेल्या माणसाचे कपडे घरात ठेवू नयेत, अंगावर तर मुळीच घालू नयेत, असे तिचे म्हणणे. साड्या वाटल्या गेल्या. मी फक्त एक मरून स्वेटर पुस्तकांच्या मागे लपवला आणि बहीण राहुरीला परतल्यावर घालू लागलो. मी किडकिडीत असल्याने तो मला बसला. बटणे मात्र बायकी, डावीकडे. गारठलेल्या बोटांना ती रोज नव्याने शिकावी लागत. स्वेटरला बाम आणि खोबरेलाचा वास होता.

तो नुसता जपून ठेवणे शहाणपणाचे झाले असते. पण त्या दिवसांत लोकांकडूनच इतके शहाणपण मिळत होते की स्वतःचे वापरायची वेळ आली नाही.

अडचण एकच होती. स्वेटर भिजला की धुवावा लागणार, आणि धुतला की वास जाणार. बाहेरून दव, आतून घाम.

आमच्या कॉलनीत सायकलवाल्यांचा एक गट आहे. अंगाला चिकटणारे रंगीत कपडे घालून ते रविवारी हिवरे बाजारला जातात, पाणी कसे वाचवले ते ऐकून येतात आणि घरी पाइप लावून सायकली धुतात. त्यांच्यातल्या एका बँक अधिकाऱ्याने मला एक जॅकेट घ्यायला लावले. घाम बाहेर जातो, पाणी आत येत नाही, असे त्याने समजावले. माझा घाम आतच राहिला आणि दवही आत आले. जॅकेटला दिशांचे ज्ञान नसावे.

शेवटी बनियन आणि स्वेटर यांच्यामध्ये वर्तमानपत्र घातले. वारा अडला, घाम कागदाने घेतला. पुरवण्या चांगल्या शोषतात. अग्रलेखाचे पान कशानेच ओले होत नाही.

कॉलेजात मी छातीतून चुरगळलेली पाने काढायचो आणि स्वेटर उतरवून कुणाचा हात लागणार नाही असा कपाटात ठेवायचो. आमचा शिपाई बरेच दिवस बघत होता. एकदा त्याने विचारलेच, "सर, लेडीज हाय व्हय ह्यो?"

मी हो म्हणालो.

"मग ठीक हाय. मला वाटलं, तुमाला म्हाईत न्हाई."

जानेवारीत बहीण पुन्हा आली. रविवार होता. मी भाजी घेऊन परतलो तर अंगणातल्या दोरीवर स्वेटर ठिबकत होता. ती रागावलेली नव्हती, हेच वाईट. लपवायला तू काही लहान नाहीस, म्हणाली. घालायचाच होता तर आधीच सांगायचे. तिने तो गरम पाण्यात साबण घालून दोनदा काढला होता आणि वर गोमूत्र शिंपडले होते.

"आता दोष नाही राहिला," ती म्हणाली. "खुशाल घाल."

मी ओल्या बाहीला नाक लावले. "वास गेला, ताई."

"जाणारच. केवढा बाम मारत होता."

माझ्यावर इतकी माया करणारे माणूस आता दुसरे नाही, हे मला ठाऊक आहे. म्हणून मी चहा टाकला.

दोन दिवसांनी स्वेटर वाळला. मी कागद घेतला नाही, जॅकेटही नाही. वाटेतल्या किल्ल्यापाशी दाट धुके होते. कॉलेजात पोचलो तेव्हा स्वेटर दोन्ही बाजूंनी ओला होता. शिपायाने तो माझ्या हातातून घेतला, झटकला आणि खिडकीच्या गजाला उन्हात अडकवला. मी रजिस्टर उघडून बसलो.