लेटरबॉक्सवरचं आडनाव

अण्णांना, म्हणजे माझ्या वडिलांना, नवा माणूस भेटला की ते आधी त्याचं आडनाव विचारायचे. गाव त्यानंतर, आणि तब्येत सगळ्यात शेवटी. आई गेल्यावर मी त्यांना सहा महिन्यांसाठी मेलबर्नला बोलावून घेतलं, तेव्हा विमानतळावरून ट्रुगानिना उपनगरातल्या माझ्या घरी पोहोचेपर्यंत त्यांनी विमानात शेजारी बसलेल्या दोघांची आडनावं आणि त्यावरून काढलेली त्यांची अख्खी कुंडली मला ऐकवली. आपल्याकडे आडनाव विचारणं म्हणजे नेमकं काय विचारणं असतं, हे मराठी माणसाला सांगायला नको. मी वैतागून म्हटलं, "अण्णा, इथे असं विचारत नाहीत."

"मग काय विचारतात?"

"हवा कशी आहे, वगैरे."

"ती दिसतेच की," अण्णा म्हणाले.

त्यांना जाऊन आता दीड वर्ष झालं. ते पुण्याला परत गेल्यावर काही महिन्यांतच गेले. तेव्हापासून त्या सहा महिन्यांतलं काही ना काही मला रोज आठवतं. बहुतेक वेळा सकाळी, डबे भरताना.

सगळ्यांची आडनावं खोदून काढणाऱ्या या माणसाने स्वतःचं आडनाव मात्र पुसून टाकलं होतं. शाळेत नाव घालताना मास्तरांनी आडनावाच्या जागी सरळ 'न्हावी' लिहिलं होतं. आजोबा गावात तेच काम करायचे, तेव्हा मास्तरांना विचारायची गरजही वाटली नसेल. अण्णा शिकले आणि तालुक्याच्या एका कचेरीत कारकून म्हणून लागले. पहिल्या दिवशी हेडक्लार्कने सगळ्यांसमोर त्यांचं नाव मोठ्याने वाचलं आणि मागून कोणीतरी म्हणालं, "बरं झालं, आता जेवणाच्या सुट्टीत दाढ्या उरकतील." सगळे हसले. अण्णाही हसले. त्याच आठवड्यात त्यांनी नाव बदलण्याचा अर्ज केला. यथावकाश ते राजपत्रात छापून आलं आणि आम्ही गावाच्या नावापुढे 'कर' लावून चारचौघांसारखे झालो. माझा जन्म त्यानंतरचा.

आडनाव बदललं तरी हात तोच राहिला. आमचे केस अण्णाच कापायचे, रविवारी सकाळी, आतल्या खोलीत, खिडकी लावून. गळ्याभोवती आईची जुनी साडी, वाटीत कोमट पाणी, आणि हनुवटीखाली त्यांची दोन बोटं. त्या बोटांनी ते डोकं असं वळवायचे की आपलं डोकं आपण वळवतोय असंच वाटायचं. कात्री कानाजवळून जाताना तिचा एक हलका, घाईत नसलेला आवाज यायचा. मला त्या आवाजाने झोप यायची. शाळेत बाई विचारायच्या, "केस कुठे कापतेस गं? छान कापलेत." मी पढवल्याप्रमाणे सांगायची, "कॅम्पात." पुण्याच्या कॅम्पात मी तोवर एकदाही गेले नव्हते.

तर असे अण्णा ट्रुगानिनाला आले. माझा मुलगा तेव्हा सहा महिन्यांचा होता. मी आणि नवरा कामावर गेलो आणि बाळ चाइल्डकेअरला गेलं की अण्णांना वेळ खायला उठायचा. आमच्या भागातली घरं एकसारखी, झाडं अजून काठीएवढी, आणि रस्त्यावर दिवसा चिटपाखरू नसतं. ते दोन-तीन वेळा गल्लीच्या टोकापर्यंत जाऊन यायचे. चौथ्या की पाचव्या दिवशी त्यांना एक लेटरबॉक्स दिसला. इथे लेटरबॉक्सवर फक्त घराचा नंबर असतो, पण त्यावर पितळेच्या अक्षरांत आडनाव होतं. अण्णांना एवढं पुरे होतं.

संध्याकाळी त्यांनी ते मला वहीत उतरवून दाखवलं. "हे काय वाचायचं?"

"बार्बिए असेल. फ्रेंच वाटतंय."

"म्हणजे कोण लोक?"

मी म्हटलं, "अण्णा, माहीत नाही. जाऊन विचारा."

मी चिडून बोलले होते, पण अण्णा खरंच गेले. त्या घरात मॉरिशसहून चाळीसेक वर्षांपूर्वी आलेले एक आजोबा राहत. कारच्या कारखान्यात नोकरी करून निवृत्त झालेले, बायको वारलेली, मुली दुसऱ्या शहरांत. त्यांचं इंग्रजी फ्रेंच वळणाचं आणि अण्णांचं कचेरीतल्या अर्जांचं. पण अण्णा मराठी आहेत हे कळल्यावर आजोबा म्हणाले, आमच्या मॉरिशसला मराठी लोक आहेत, ते गणपती बसवतात. मग काय, अण्णा तासभर घरी आले नाहीत. पुढच्या आठवड्यापासून दोघांचा सकाळचा चहा ठरून गेला. एक दिवस आमच्याकडे, एक दिवस त्यांच्याकडे.

एकदा मी घरून काम करत होते, त्या दिवशी चहा आमच्याकडे होता. आजोबा एक लांबलचक कागदाची गुंडाळी घेऊन आले. त्यांच्या घराण्याचा वंशवृक्ष होता तो. त्यांनी तो आमच्या डायनिंग टेबलावर पसरला, कोपऱ्यांवर कप ठेवले आणि अण्णांना सांगायला लागले. बार्बिए म्हणजे दाढी करणारा. फ्रेंचमध्ये दाढीला 'बार्ब' म्हणतात, त्यावरून. फार पूर्वी तिकडे लोकांना आडनावंच नव्हती. एका गावात एकाच नावाची दहा माणसं व्हायला लागली, तेव्हा पाद्री आणि कर गोळा करणारे नावापुढे त्याचा धंदा लिहायला लागले. कोणी भट्टीवाला, कोणी लोहार, कोणी दाढीवाला. पुढे मुलगा दुसरंच काही करायला लागला तरी बापाच्या धंद्याचं नाव त्याच्याकडे राहिलं. बार्बिए नुसती दाढी करत नसत, दात उपटत, गळवं कापत, अंगातलं रक्त काढत. "डॉक्टर लांब असायचा," आजोबा म्हणाले, "आणि हा हाकेच्या अंतरावर. लोक ज्या नावाने हाक मारत तेच चिकटलं."

मी लॅपटॉपमागून ऐकत होते. माझे आजोबाही गावात गळवं कापायचे, निखळलेला हात बसवायचे. अण्णा ते सांगतील की काय म्हणून माझी बोटं कीबोर्डवर थांबली. अण्णांनी सांगितलं नाही. त्यांनी कागदावर बोट ठेवून विचारलं, "नो शेम?"

आजोबांना प्रश्नच समजला नाही. "शेम? कसली, मेट?"

"धिस नेम. पीपल डू नॉट लाफ?"

आजोबांनी थोडा विचार केला. "शाळेत एकदा हसले होते," ते म्हणाले. "पण ते माझ्या कानांना."

त्या रात्री जेवण झाल्यावर अण्णांनी मला कंप्युटरवर बार्बिए शोधायला लावलं. फ्रान्सचा एक नकाशा सापडला, त्यावर हे आडनाव कुठे कुठे आहे त्याचे ठिपके होते. एखादा कोपरा सोडला तर सगळा देश ठिपक्यांनी भरलेला. बेल्जियममध्ये होते, कॅनडात होते. इटलीत त्यांचे बार्बिएरी झाले होते आणि इंग्रजांचे तर सरळ बार्बर. अण्णा चष्मा पुसून पुसून वाचत होते. एक वकील निघाला, एक प्राध्यापक, एक द्राक्षाच्या मळ्याचा मालक. मग एका दवाखान्याच्या पानावर एक डॉक्टर बार्बिए निघाल्या.

"डॉक्टर बार्बिए," अण्णा म्हणाले. "म्हणजे डॉक्टर न्हावी." आणि ते हसायला लागले. खांदे हलेपर्यंत, डोळ्यांत पाणी येईपर्यंत हसले. मीही हसले. तो शब्द मी त्यांच्या तोंडून मोकळेपणाने पहिल्यांदाच ऐकत होते. आपल्याकडे धंदा सुटला तरी आडनाव माणसाला सोडत नाही, आणि इथे हे लोक तेच पितळेच्या अक्षरांत दाराशी लावून बसलेत. मला त्या आजोबांचा हेवा वाटला. अण्णांना काय वाटलं ते त्यांनी सांगितलं नाही. पण दुसऱ्या दिवशीपासून इथले न्हावी केस कसे कापतात यावर त्यांची मतं सुरू झाली. "मानेवर मशीन फिरवतात आणि म्हणतात झालं," असं म्हणायचे.

बाळ अकरा महिन्यांचं झालं आणि जावळ काढायचं ठरलं. माझी आई असती तर पुण्यालाच काढलं असतं. इथे मी शॉपिंग सेंटरमधल्या सलूनमध्ये चौकशी केली. तिथला माणूस म्हणाला, बाळाला वस्तरा लावणार नाही, मशीन फिरवून देईन. नवरा म्हणाला, "चालेल की, नो वरीज." मला चालणार नव्हतं. मी फोनवर दुसरी सलून्स शोधत बसले होते, तेवढ्यात अण्णा म्हणाले, "मी काढतो."

"तुम्ही? सगळ्यांसमोर?"

"मग कुठे, आतल्या खोलीत?" असं म्हणून ते बाळाच्या डोक्यावरून हात फिरवायला लागले, जावळ कसं आहे ते बघत.

मला आठवतंय, मला फार बरं वाटलं. मनात म्हटलं, सुटले एकदाचे अण्णा. त्यांच्यासाठी म्हणून मी मनोमन त्या फ्रेंच आडनावाचे आभारही मानले. वस्तरा आणायला दोघे म्हातारे बसने गेले आणि तीन तासांनी एक वस्तरा, पात्यांची पाकिटं आणि कोणीही न सांगितलेले दोन पाव घेऊन आले. पुढचे चार दिवस अण्णांनी फुगे फुगवून, त्यांना साबण लावून, त्यांच्यावर वस्तरा चालवून पाहिला. एकच फुटला. तोही मी दार आपटलं म्हणून.

शनिवारी आर्वोला, म्हणजे दुपारनंतर, पाहुणे आले. आमच्या मंडळातली पंधरा-वीस माणसं, बहुतेक पुण्या-मुंबईची, आयटीतली. मामाच्या मांडीवर बाळ बसतं, आणि मला सख्खा भाऊ नाही, म्हणून ब्रिस्बेनच्या स्प्रिंगफील्ड लेक्सहून मावसभाऊ आला होता, मावशीला घेऊन. घरामागच्या पॅटिओत पाट मांडला. मावसभावाने बाळाला मांडीवर घेतलं, मी औक्षण केलं. बार्बिए आजोबा कुंपणाजवळ खुर्चीवर कोट घालून बसले होते. अण्णा बाळासमोर बसले, कोमट पाण्याने जावळ भिजवलं आणि हनुवटीखाली दोन बोटं लावली.

जावळ काढताना मुलं घर डोक्यावर घेतात. माझं बाळ रडायला तोंड उघडून तसंच राहिलं, मग अण्णांकडे बघत बसलं, आणि अर्ध्यावर त्याचे डोळे मिटायला लागले. गप्पा आपोआप थांबल्या. वस्तरा कपाळापासून मागे जात होता आणि मऊ केस मावशीने धरलेल्या ताटात पडत होते. अण्णांची पाठ सरळ झाली होती. त्यांचं वय कमी दिसत होतं. मी त्यांना असं उजेडात, माणसांत काम करताना कधीच पाहिलं नव्हतं. कुठेही ओरखडा नाही. शेवटी त्यांनी ओल्या फडक्याने गोटा पुसला आणि बाळाला माझ्याकडे दिलं.

माझ्या मंडळातली एक मैत्रीण, पुण्याचीच, अगदी मनापासून म्हणाली, "काका, सिरियसली, काय हात आहे तुमचा. शिकलात कुठे?"

सगळे ऐकत होते. अण्णांनी वस्तरा पुसता पुसता मान वर केली. ते घाबरलेले नव्हते. त्यांनी एकदा कुंपणाकडे पाहिलं, मग मैत्रिणीकडे, आणि सावकाश म्हणाले, "आमचं मूळचं..."

"अगं, हौस गं त्यांना," मी म्हणाले. "यूट्यूबवर बघून बघून शिकलेत. रिटायर्ड माणसं काय, वेळच वेळ."

सगळे हसले. मैत्रीण म्हणाली, "काय भारी, काका." मावसभावाने मात्र ताटातल्या केसांवरून नजर काढली नाही.

मी का बोलले? कोणी विचारलं नव्हतं मला. इतकी वर्षं मी समजत होते की आडनाव त्यांनी बदललं म्हणजे लाज त्यांची होती, आणि मी ती फक्त सांभाळत होते. त्यांची केव्हाच संपली होती. बाळाला घट्ट धरून मी तिथे उभी होते आणि माझे कान तापले होते.

अण्णांनी माझ्याकडे पाहिलं. रागाने नाही. लहानपणी मी शाळेतून येऊन कॅम्पातलं खोटं नीट सांगितल्याचं कळवायची, तेव्हाही त्यांनी असं कधी बघितल्याचं मला आठवत नाही. त्यांना सगळं कळलं होतं. ते एका वाक्यात मला दुरुस्त करू शकले असते.

"हो," ते मैत्रिणीला म्हणाले, "हौस आहे." माझ्या लोकांसमोर त्यांनी मला खोटं पडू दिलं नाही.