या शब्दाचं माणूस कोण?

"अर्थ ऱ्हाऊ द्या सर. ह्या शब्दाचं माणूस कोण, ते सांगा."

कोरेगावात मी इंग्रजीची शिकवणी घेतो. समोरच्या घरातल्या काकींनी हे वाक्य ऐकवून माझा शब्दकोश कधीच मोडीत काढला होता. माणूस सापडल्याशिवाय शब्द त्यांच्या डोक्यात शिरायचाच नाही. 'स्टबर्न' म्हणजे हट्टी, असं सांगितलं, तर म्हणाल्या, "म्हंजी आमचं मालक. फौज सुटली, हुकूम सुटला न्हाई."

'रिलक्टंट', म्हणजे नाखुशीनं करणारं, याला माणूस मिळेना. शेवटी त्यांनी म्हैस दिली. "धारंला बसलं की पान्हा चोरती. देती, पर मनापासनं न्हाई." आता वर्गात मीही म्हैसच सांगतो. 'जेनरस', म्हणजे सढळ हाताचं, असं मात्र गल्लीत कुणीच नाही, हे त्यांनी जाहीर करून टाकलं. मी त्यांना फुकट शिकवत होतो, तरी!

तुम्हाला वाटेल, साठीत ही हौस कशाला? हौस नव्हतीच ती. मालकांचं लिव्हर बिघडलेलं. साताऱ्याचे डॉक्टर मुलाशी इंग्रजीत बोलायचे आणि मुलगा बाहेर येऊन म्हणायचा, "सगळं ठीक आहे, आई." म्हणताना चपलांकडे बघायचा.

"माझ्याच माणसाचं दुखणं, आन् मलाच कळू देत न्हाईत," काकी मला म्हणाल्या होत्या. तेवढ्यासाठी त्या शिकत होत्या.

पुढं मालकांना पुन्हा ॲडमिट केलं, तेव्हा मुलगा सीमेवर ड्यूटीला होता. मी सोबत गेलो. डॉक्टर रिपोर्ट बघून माझ्याशी इंग्रजीत बोलू लागले. मी नुसती मान हलवत होतो. काकी मध्येच म्हणाल्या, "रिकव्हर न्हाई व्हणार. आसंच म्हणलासा न्हवं?"

डॉक्टर थांबले. मग त्यांनी खुर्ची काकींकडे वळवली आणि सगळं मराठीत समजावून सांगितलं. काकींनी एकदाही डोळ्याला पदर लावला नाही.

वॉर्डात येताच मालकांनी विचारलं, "काय म्हणला गं डॉक्टर?"

'काही नाही म्हणा, काकी,' मी मनात ओरडत होतो. तुम्हीही ओरडला असता. त्या खाटेवर टेकल्या आणि मालकांचा हात हातात घेतला.

"बरं व्हायचं न्हाई म्हणला. पर दुखू देणार न्हाई."

एवढी हिंमत मी तोवर कुणात पाहिली नव्हती.

"मग घरला चल," मालक म्हणाले. "हितला चहा लय पांचट हाय."

काकींनी खाटेखालची पिशवी ओढली आणि त्यांचे कपडे भरायला घेतले.