जमिनीवरचा चष्मा

श्रीवर्धनच्या वाड्यांत सुपारी उतरवायची असली, की लोक जीवन शिगवणला बोलावतात. पायात दोराचा फास अडकवून तो सरसर वर जातो, पिकलेला घड उतरवतो आणि खाली न येताच शेंडा झुलवून शेजारची पोफळ धरतो. एका दमात दहा-बारा झाडं उरकतो. अशा कसबी माणसाला शाळेपासून उणे पाचचा चष्मा होता. घामानं तो घसरायचा, म्हणून बायकोनं, विनितानं, त्याला मागून इलॅस्टिक शिवून दिलं होतं.

दोन वर्षांपूर्वी दिनानाथभाऊंच्या वाडीत, ऐन झोक्यात ते इलॅस्टिक तुटलं. चष्मा चाळीस फूट खाली गेला. शेजारची पोफळ हातभर दूर आहे की चार हात, काही कळेना. जीवननं खोडाला मिठीच मारली.

खाली सुपाऱ्या गोळा करणाऱ्या विनितानं मान वर केली. "अवो, थांबलात का?"

"मला काय दिसत न्हाय गं!"

"मग डोळं मिटा नि उतरा. मी हाय हितं."

तो चाचपडत उतरला. विनितानं त्याला पाणी दिलं आणि ठणकावलं, "आता एक तर चढणं सोडा, न्हायतर चष्मा सोडा!"

चढणं सोडणं शक्यच नव्हतं. दोघं पनवेलला डोळ्यांच्या दवाखान्यात गेली. सगळ्या तपासण्या झाल्यावर डॉक्टरीणबाई म्हणाल्या, "लेझर करता येईल. लांबचं स्वच्छ दिसेल. पण तुमचं वय त्रेचाळीस. सध्या चष्मा काढून तुम्ही जवळचं बारीकसारीक बघू शकता, ते मात्र जाईल. जवळच्या कामाला चष्मा लागेल."

"मी कुठं पोथी वाचतो म्याडम? करून टाका."

काम काही मिनिटांत झालं. दुसऱ्या दिवशी स्टँडवर येणाऱ्या एसटीची पाटी त्यानं लांबूनच मोठ्यानं वाचली, तेव्हा रांगेतली माणसं हसली. पुढं महिनाभर चढायची मनाई. डोळे कोरडे पडायचे, थेंब घालावे लागायचे, संध्याकाळी दिव्यांभोवती कडी दिसायची. हळूहळू तेही कमी झालं.

चढायच्या दिवशी त्यानं नेहमीसारखा दोर नाकाशी धरला. एकेक पीळ तपासल्याशिवाय तो कधीच चढत नसे. पण पीळ दिसेचनात. नुसता धुरकट दोर. जीवनचा चेहरा उतरला. विनितानं दोर हातात घेतला, बोटानं चाचपला. "हा बघा, हितं झिजलाय." नवा दोर वळला गेला, आणि त्याच आठवड्यात बाजारातून जवळचा चष्माही आला.

दिनानाथभाऊंनी विचारलंच, "काय रे जीवन, लेझर केलंस नि परत चष्मा?"

"हा जमिनीवरचा, भाऊ. झाडावर लागत न्हाय!" चष्मा त्यांच्याच हातात देऊन तो वर गेला.

शेंड्यावर पोचल्यावर गडी चौफेर नजर फिरवू लागला. झावळ्यांपलीकडे समुद्र होता आणि त्यावरच्या होड्या मोजता येत होत्या. मग त्यानं खाली पाहिलं.

"विनिता!"

"काय?"

"तुझं पिकलेलं केस हितनंबी दिसत्यात गं!"

साऱ्या वाडीला ऐकू गेलं. दिनानाथभाऊ पोट धरून हसू लागले. विनितानं कमरेवर हात ठेवले.

"उतरा खाली, मग सांगते!"

जीवननं घाईघाईनं शेजारची पोफळ धरली.