खिंडीतला ढीग

माझ्या वडिलांच्या तोंडी ‘बघू’ आलं की ते ‘नाही’ असतं, हे आमच्या घरात सगळ्यांना ठाऊक आहे. आई गेल्यावर मी त्यांना अबू धाबीला आमच्या खलिफा सिटीतल्या घरी आणलं आणि कायमचे इथेच राहा म्हणून मागे लागले. नवऱ्याने व्हिसाची चौकशी केली, मी त्यांच्या खोलीला जाड पडदे लावले. ते म्हणाले, “बघू.” मी ऐकून न ऐकल्यासारखं केलं. गावी एकटा माणूस, कुरकुरणारे गुडघे, शेजारच्या घरांना कुलपं. त्यांना परत पाठवायचं नाही, हे मी मनाशी पक्कं केलं होतं.

त्यांची तक्रार एकच होती, इथे चालायला जागा नाही. सगळी नोकरी त्यांनी डोंगरापलीकडच्या शाळेत शिकवण्यात घालवली. रोज खिंड चढून जायचे आणि संध्याकाळी उतरून घरी यायचे. इथे व्हिलांच्या कंपाउंडकडेने फेरी मारून आले की म्हणायचे, “हे काय चालणं? ही शतपावली.”

डोंगरच हवा ना, मग डोंगर दाखवते, म्हटलं. रास अल खैमाच्या डोंगरात जुन्या पायवाटा आहेत. वरच्या गावांतली माणसं गाढवांवर ओझी लादून याच वाटांनी किनाऱ्याकडे उतरायची. गावं आता ओस पडलीत, पण वाटा जपल्यात. पायथ्याशी पाटी लावलीय, गाड्यांना जागा केलीय. थंडीतल्या एका शनिवारी आम्ही चौघं निघालो: बाबा, मी, नवरा आणि शाळकरी लेक. नवऱ्याचं पहाटेपासून इथल्या अरबीत “यल्ला, यल्ला”, म्हणजे चला चला, चाललं होतं. डब्यात दशम्या आणि शेंगदाण्याची चटणी.

चढ लागला आणि बाबांना तरतरी आली. बोरीचं झाड दिसलं तर “अरे, ही तर आपली बोर!” म्हणून खोडावरून हात फिरवला. वाटेतल्या दगडी पायऱ्या बघून म्हणाले, “बांधणारा स्वतः ओझं वाहणारा होता गं. पायरी बघ किती बुटकी ठेवलीय.” इतकं सलग ते आई गेल्यापासून बोलले नव्हते.

पहिल्या खिंडीत दगडांचा एक ढीग होता. नवरा मागे ओस पडलेल्या घरांचे फोटो काढत रेंगाळला होता. बाबांनी बूट काढले, एक दगड उचलून ढिगावर ठेवला आणि हात जोडले. आमच्या भागात तशी रीतच आहे. खिंड ओलांडताना तिथल्या ढिगावर दगड वाहायचा. इथवर सुखरूप आणलंस, पुढेही ने, एवढंच मागणं. मलाही तो ढीग बघून गावची खिंडच आठवली.

“लाइक ॲन ऑफरिंग?” लेकीने विचारलं.

“हो,” बाबा म्हणाले. “पण फुलं, नारळ काही लागत नाही. वाटेवरचाच दगड चालतो.”

पुढे एक मोकळं पठार लागलं. तिथून दोन-तीन घळी खाली उतरत होत्या, आणि ढीग मात्र कुठेच नाही. बाबांना ते खपेना. “एवढी मोठी जागा आणि देवाविना?” एका घळीच्या तोंडाशी सावली होती, तिथे ते बसले आणि दगड रचू लागले. लेक हौसेने दगड आणून देत होती. शेवटी त्यांनी वर एक उभा दगड बसवला. खरं सांगते, मला आनंदाच्या उकळ्या फुटत होत्या. माणूस देव मांडतो तिथे बिऱ्हाडही मांडतो, असं माझ्या मनाने घेतलं.

परत उतरताना नवरा पुढे झाला. “पाटीवर लिहिलं होतं, दगडांचे ढीग फॉलो करा. हा बघा ढीग, यल्ला!” उतरताना डोंगर वेगळाच दिसतो. सकाळची जागा आमच्या कुणाच्याच लक्षात आली नाही. आम्ही घळीत शिरलो. बरंच खाली गेल्यावर पायाखालची जमीनच संपली, पुढे सरळ कडा. बाटल्यांतलं पाणी तळाला गेलेलं. पुन्हा वर चढताना बाबांचा श्वास फुलला, ओठ कोरडे पडले. मी घाबरले. देवा, यांना काही होऊ देऊ नकोस, एवढंच मनात चाललं होतं.

घळीच्या तोंडाशी त्यांना बसवलं. लेक त्या ढिगाकडे टक लावून बघत राहिली. “आजोबा,” ती हळूच म्हणाली, “धिस वन इज युवर्स.”

नवऱ्याला हसू फुटलं. बाबा हसले नाहीत. इथले ढीग देव नव्हेत, वाटेच्या खुणा आहेत, हे त्यांना तेव्हा कळलं. ते उठले आणि एकेक दगड काढून बाजूला पसरू लागले. मी म्हटलं, “राहू द्या बाबा, दमलात.” तर माझ्यावरच खेकसले, “उद्या कुणी परका माणूस यावर विश्वास ठेवून खाली जाईल, त्याचं काय?” सगळा ढीग मोडल्यावर त्या मोकळ्या जागेला त्यांनी नमस्कार केला.

योग्य वाट सापडली, आम्ही उतरलो. गाडीत मी पुन्हा विषय काढला. “राहा ना बाबा इथे.”

“बघू” सुद्धा म्हणाले नाहीत. “मी जातो गं परत.”

“तिकडे कोण आहे तुमचं?” मी चिडून बोलले.

“कुणी नाही. पण वाट माहीत आहे.”

पेट्रोल पंपावर कडक चहा आणायच्या निमित्ताने मी उतरले आणि दुकानामागे जाऊन रडले. उन्हाळ्याच्या आधी ते गावी परतले.

पुढच्या थंडीत लेकीनेच हट्ट धरला म्हणून आम्ही पुन्हा त्या वाटेने गेलो. पहिल्या खिंडीत तिने ढिगावर दगड ठेवला, हात जोडले आणि तिथूनच आजोबांना व्हिडिओ कॉल लावला. ते ओसरीवर बसले होते. त्यांनी आधी एकच विचारलं, “ढीग जुनाच आहे ना?”

“जुनाच आहे, आजोबा,” एरवी कशालाही इंग्रजीत उत्तर देणारी माझी लेक म्हणाली. “मी आधी बघितलं.”

“मग माझाही एक ठेव. इथली खिंड आता मला चढवत नाही.”

‘मग या ना इकडे,’ अगदी ओठांवर आलं होतं. तेवढ्यात लेकीने फोन माझ्या हातात दिला आणि ती खाली वाकून त्यांच्यासाठी दगड शोधू लागली.