पद्मजाबाईंची मुरूडची सुट्टी

लोणावळ्याच्या मुलींच्या शाळेत भूगोल शिकवणाऱ्या पद्मजाबाई दातार तेहतीस वर्षांच्या होईपर्यंत घाटाखाली उतरल्या नव्हत्या. माहेर वाईकडचं, सासर साताऱ्याचं. मानमोडीच्या तापाच्या साथीत नवरा गेला, तेव्हा त्या सतरा वर्षांच्या होत्या. मग पुण्यात शिक्षिकेचं शिक्षण, आणि पुढे थोरल्या भावाकडे, गंगाधरदादांकडे, लोणावळ्याला मुक्काम. दादा कचेरीत कारकून होते. दोन खोल्या, मागे पडवी, त्यापलीकडे राजमहंमद तांदूळवाल्यांचं परसदार.

एकदा वर्गात नकाशावरच्या निळ्या भागावर छडी ठेवून त्या सांगत होत्या, "हा अरबी समुद्र." पुढच्या बाकावरच्या एका मुलीने साधेपणाने विचारलं, "बाई, तुम्ही पाहिलाय?"

"नाही गं," बाई म्हणाल्या आणि पुढे शिकवत राहिल्या. पण ते 'नाही' त्यांच्या मनात कुसळासारखं रुतून बसलं. इथून गाडीत बसलं की चार-पाच तासांत मुंबई. कुरवंड्याच्या कड्यावर उभं राहिलं की सगळं कोकण पायांखाली धुरकट दिसायचं. तरी पुढचं पाणी काही कधी दिसलं नव्हतं. बायकांनी घराबाहेर पडायचं ते बाळंतपणाला, लग्नकार्याला नाहीतर तीर्थयात्रेला. नुसतं पाहायला म्हणून कोण जातं?

ही गोष्ट त्या पहिल्यांदा बोलल्या ती ताजुन्निसाजवळ. ताजुन्निसा म्हणजे राजमहंमदची बायको. तिचं माहेर मुरूडचं, जंजिऱ्याच्या नवाबाच्या राज्यातलं. बाप नाखवा होता. लग्न होऊन घाटावर आली त्याला पंधरा वर्षं झाली होती, बोली मावळची झाली होती, पण समुद्राचं नाव काढलं की हातातलं सूप थांबायचं.

"बाई, तुमी चलाच," ती म्हणाली. "दिवाळीच्या सुट्टीत. मीबी कैक वर्सांत गेले न्हाई. आईला लय आनंद व्हईल."

आणि तिथून दुपारची बैठक सुरू झाली. ताजुन्निसा पडवीच्या पायरीवर तांदूळ निवडायची, बाई वह्या तपासायला घेऊन बसायच्या आणि वह्या तशाच राहायच्या. सुरूच्या झाडांची लांबच लांब रांग, त्यातून वाऱ्याचा होणारा आवाज. पाण्यात उभा असलेला किल्ला, त्याच्या तटावरच्या तोफा. टेकडीवर दत्ताचं देऊळ, गावात कोटेश्वरी देवी, खाली पिराचा दर्गा. नारळी पौर्णिमेला कोळी सोन्याचा नारळ मिरवत किनाऱ्यावर यायचे, तेव्हा ताजूचा बाप आपला मचवा रंगवून तयार ठेवायचा, कारण दर्यात पाऊल टाकायचा मुहूर्त दोघांचा एकच. आई सांदणं करायची, नारळाच्या रसातली.

"ती तुमाला चालतील," ताजुन्निसा म्हणायची. "तांदूळ, गूळ नि नारळ. दुसरं काय न्हाई त्यात."

बाई नुसत्या हसायच्या. चालणं न चालणं हा पुढचा प्रश्न होता. आधी घरात सांगायचं होतं.

दादांनी ऐकून घेतलं आणि चष्मा काढला. "अगं, मुंबईचे लोक हवापालटासाठी लोणावळ्याला येतात. आणि तू लोणावळ्याहून हवापालटाला निघालीस?"

"हवेसाठी नाही, दादा. समुद्र बघायचाय."

"बघून काय करणार?"

चंद्रिकावहिनींचा विरोध वेगळा होता. "वन्सं, देवदर्शनाला जा, मी अडवणार नाही. पण मुसलमानाच्या घरी उतरणार, आगबोटीत कुणाच्या शेजारी बसणार, लोक तोंडात शेण घालतील. तुमच्या नाही, आमच्या."

बरेच दिवस घरात हा विषय कुणी काढला नाही. शेवटी दादाच एकदा जेवता जेवता म्हणाले, "तिथे अभ्यंकर म्हणून एक वैद्य आहेत, आपल्या ओळखीतले. त्यांच्याकडे उतरायची-जेवायची सोय होईल." वहिनींनी ताटात जरा जोराने आमटी वाढली, पण अडवलं नाही. परवानगी मिळाली ती अशी.

भाद्रपदात मात्र राजमहंमदच्या आईला अर्धांगाचा झटका आला. डावी बाजू लुळी पडली. म्हातारीला उठवायचं, बसवायचं, भरवायचं, सगळं ताजुन्निसावर. दुसरी बाईमाणूस घरात नव्हती. ताजुन्निसा पडवीत आली ती हात पुसत.

"आता मला कुटलं जमतंय, बाई. तुमी जावा."

"तुझ्याशिवाय मी जाऊन काय करू?"

"माज्या आईला बघून या. मी कशी हाय ते सांगा तिला. नुसतं कागदावर लिवलेलं तिला पटत न्हाई, मानूस जायाला पायजे." तिने पदराच्या टोकाने डोळे टिपले. "ह्यांची मुंबईला खेप हाय, बोटीपातुर सोडतील तुमाला."

म्हणून एकोणीसशे चौतीस सालच्या दिवाळीत, पाडवा झाल्यावर, पद्मजाबाई वळकटी, फिरकीचा तांब्या आणि ताजूने आईसाठी दिलेलं आंबेमोहराचं गाठोडं घेऊन निघाल्या. राजमहंमदने भाऊच्या धक्क्यावर त्यांना बायकांच्या जागी बसवून दिलं, अदबीने मान लववली आणि तो परतला.

समुद्र दिसला तो असा, माणसांच्या खांद्यांवरून, टोपल्या-बोचक्यांच्या फटीतून. हिरवट, मळकट, हलणारा. मुंबई मागे पडल्यावर तो निळा झाला. बाईंना वाटलं होतं आपण काहीतरी मोठा विचार करू. पण बोट डोलू लागली आणि त्या कठड्याला धरून बसल्या.

मुरूडसमोर आगबोट खोल पाण्यात थांबली. लहान पडावातून किनाऱ्याजवळ, आणि तिथून एका खलाशाच्या आधाराने गुडघाभर पाण्यातून वाळूवर. भिजलेलं लुगडं पिळत त्या उभ्या होत्या, तेवढ्यात एक उंच, रापलेला माणूस पुढे झाला. "मी वाहिद. ताजूचा भाऊ." गाठोडं उचलताना त्याने नजर चुकवली. बाई शाळेत इतकी वर्षं काढलेल्या. मूल काही लपवत असलं की त्यांना कळायचं.

"घरी सगळं ठीक आहे ना?" त्यांनी विचारलं.

वाहिदने गाठोडं खांद्यावर घेतलं. मग म्हणाला, "आईचं काही खरं नाही, बाई."

ताजूची आई, जैनबबी, पावसाळ्यापासून अंथरुणावर होत्या. पोटात पाणी झालं होतं, पाय सुजले होते. अभ्यंकर वैद्यांनी हात टेकले होते. ताजूला कळवलं नव्हतं, कारण म्हातारीने सगळ्यांना शपथ घातली होती. नारळीच्या सावलीतल्या त्या ओसरीवर बाई वाकल्या तेव्हा जैनबबींनी त्यांचा हात धरला. तो हात गरम आणि कोरडा होता.

"ताजू खुशाल आहे?"

"खुशाल आहे."

"मग तिला काही लिहू नका. तिची सासू पडलेली. ती येऊ शकणार नाही, आणि तिकडे जिवाला लावून घेईल. मी गेल्यावर कळलं तर बरं. एकदाच रडेल."

बाईंनी मान हलवली, पण शब्द दिला नाही.

त्या रात्री अभ्यंकरांच्या माजघरात त्यांचा डोळ्याला डोळा लागला नाही. साताऱ्याला नवरा तापाने फणफणला, तेव्हा त्या माहेरी होत्या. 'पोर घाबरेल' म्हणून कुणी सांगितलं नाही. तेरावा झाला आणि मग सासरे स्वतः वाईला येऊन सांगून गेले. सगळ्यांनी मायेपोटीच केलं होतं. पण त्या तेरा दिवसांत आपण झोपाळ्यावर बसलो, पुरणपोळी खाल्ली, मैत्रिणीशी हसलो, हे पद्मजाबाईंना अजून सहन होत नव्हतं.

सकाळी त्या वाहिदला म्हणाल्या, "मला तार करायचीय."

"आईनं शपथ घातलीय."

"तुम्हाला घातलीय. मला नाही."

वाहिदने पायात वहाणा सरकवल्या आणि तो पोस्टाची वाट दाखवायला पुढे निघाला.

तार राजमहंमदच्या नावाने गेली. त्यानंतर मात्र बाईंना धाकधूक वाटू लागली. ताजू येणार कशी? लुळ्या म्हातारीला कोणाच्या भरवशावर टाकणार? आपण एका बाईच्या दुःखाला उगाच वाट करून दिली आणि तिचे पाय बांधलेलेच राहिले तर?

या दिवसांत त्यांनी समुद्र फार बघितलाच नाही. वाहिदची बायको तीन पोरांच्या मागे असायची. म्हणून जैनबबींच्या उशाशी बाई बसू लागल्या. पाय चेपले, कूस वळवली, ओठांना पाणी लावलं. पहिल्या दिवशी त्या जेवायला अभ्यंकरांकडे गेल्या. पुढे एकदा दुपारी म्हातारीला फार धाप लागली, बाईंना उशाशून उठता येईना, तेव्हा वाहिदच्या बायकोने वाडग्यातून पेज आणून जमिनीवर ठेवली आणि बाजूला झाली. बाईंनी वाडगा उचलला आणि पेज प्यायल्या.

जैनबबी बऱ्या असल्या की बोलायच्या. ताजू लहानपणी बापाच्या मचव्यात लपून कशी रेवदंड्यापर्यंत गेली होती. लग्नाच्या वेळी घाटावर चढताना गाडीच्या खिडकीतून मागे मागे कशी बघत होती. "इतक्या लांब द्यायची नव्हती," त्या म्हणायच्या. "पण मुलगा चांगला होता."

ताजुन्निसा आली ती तिन्हीसांजेला. दारात उभी राहिली, बुरख्याची कड ओली, आणि मग आईच्या अंथरुणाजवळ येऊन बसली. जैनबबींनी आधी तिच्याकडे पाहिलं, मग बाईंकडे.

"सांगितलंत ना शेवटी," त्या म्हणाल्या. रागाने म्हणाल्या की कसं, ते बाईंना कधीच ठरवता आलं नाही. पण मग त्यांनी आपला हात लेकीकडे लांब केला आणि तिचा हात पुढे दोन दिवस सोडलाच नाही.

रात्री ओसरीवर बाईंनी हळूच विचारलं, "तिकडे म्हातारीजवळ कोण?"

ताजुन्निसाने त्यांच्याकडे पाहिलं. "तुमाला ठावं न्हाई? तुमच्या वहिनी."

"चंद्रिकावहिनी?"

"व्हय. तार आली तशी हे कपाळाला हात लावून बसले. मी चुलीपाशी रडत व्हते. वहिनींनी भिंतीपलीकडून ऐकलं आसंल. आल्या, पदर खोचला नि म्हनाल्या, 'ऊठ. तुजी आई एकच हाय. हितलं मी बघते.' मी म्हनले, वहिनी, तुमच्या सोवळ्याचं काय? तर म्हनाल्या, 'घरी जाऊन डोक्यावरनं पानी घेईन. ते माजं मी बघीन, तू गाडी गाठ.'"

आमटीचा तो जोरात आपटलेला डाव बाईंना आठवला आणि डोळे भरून आले.

जैनबबी एका सकाळी भरतीच्या वेळी गेल्या. जनाजा पुरुषांनी उचलला. बायका घरातच राहिल्या. कलमा पुटपुटत गेलेली माणसं नारळीच्या बागेआड दिसेनाशी झाली, तेव्हा ताजुन्निसा उठली. बाईंचा हात धरून ती मागच्या दाराने किनाऱ्यावर आली.

दोघी वाळूवर बसल्या. पलीकडे पाण्यात पद्मदुर्ग किल्ला दिसत होता, त्याच्या तटाशी फेस चढत होता. ताजूने सांगितलेला जंजिरा इथून दिसत नव्हता, आणि तिकडे जायचं आता दोघींच्याही मनात नव्हतं.

"आईनं तुमाला लिवू नका म्हनून सांगितलं व्हतं, व्हय ना?" ताजूने विचारलं.

"हो."

"मग का कळवलंत?"

बाईंनी साताऱ्याचं सगळं सांगितलं. सोळा वर्षांत ते त्यांनी कुणाजवळ काढलं नव्हतं, दादांजवळसुद्धा नाही. सांगताना आवाज चढला, मग फुटला. ताजुन्निसा ऐकत होती. वाळूत बोटांनी रेघा ओढत होती आणि पुसत होती. ऊन चढलं तशी तिने आपल्या ओढणीचा अर्धा भाग बाईंच्या डोक्यावर धरला.

चाळिसावा होईपर्यंत ताजूला राहता येण्यासारखं नव्हतं. सुट्टी संपायला आली तशा दोघी एकाच आगबोटीने परतल्या. लोणावळ्याला पोचल्या तेव्हा वहिनी राजमहंमदच्या घरात होत्या, नऊवारीचा ओचा वर खोचून म्हातारीला मऊ भात भरवत होत्या. त्यांनी मागे वळून पाहिलं. ताजुन्निसाच्या चेहऱ्यावरून त्यांना काय ते कळलं. वाटी खाली ठेवून त्या उठल्या आणि ताजूला त्यांनी पोटाशी धरलं. इतक्या वर्षांच्या शेजारात हे प्रथमच घडत होतं.

राजमहंमदची आई पुढे दोन वर्षं जगली. भात भरवून घ्यायची तो वहिनींच्याच हातून, सुनेने दिला तर तोंड फिरवायची. वहिनी कुरकुरत जायच्या आणि कुरकुरत परत येऊन न्हाणीत शिरायच्या.

पद्मजाबाई पुन्हा मुरूडला गेल्या नाहीत. जाऊ जाऊ म्हणता युद्ध लागलं, आगबोटी कमी झाल्या, वाहिदनेही मचवा विकला. दुपारी मात्र पडवीत आता तिघी बसत. वहिनी वाती वळायच्या, आणि मधूनच, जणू काही विशेष नाही अशा सुरात, विचारायच्या, "वन्सं, ते पाणी मागे जातं तेव्हा पायाखालची वाळू सरकते म्हणालात. मग भीती नाही वाटत?"

"वाटते," बाई म्हणायच्या. "शेजारच्या माणसाचा दंड धरायचा."