कॉम्प्युटरमधली गंगा

आधीच सांगून टाकते, मी ज्युनिअर कॉलेजला फिजिक्स शिकवते. स्टाफरूममध्ये कोणी अंगात आल्याचं नाहीतर अमावास्येला दिसलेल्या बाईचं सुरू केलं, की मी चहाचा कप उचलून दुसऱ्या टेबलावर जाऊन बसायचे. या ग्रुपवरचे अनुभवसुद्धा आजवर करमणूक म्हणूनच वाचत आले. तेव्हा कृपा करून मला समजवायला येऊ नये – माझं मी स्वतःला पुष्कळ समजावून झालंय.

गोष्ट कर्वेनगरची, दोन हजार चार-पाचच्या सुमाराची. आम्ही तिघं वन बीएचकेमध्ये राहायचो – मी, माझा नवरा मिलिंद आणि माझे सासरे. सासूबाई आधीच गेल्या होत्या. बाबांचा दिवाण हॉलमध्ये आणि हॉलच्याच कोपऱ्यात मिलिंदचा कॉम्प्युटर. मिलिंद आयटीत. दिवसभर ऑफिसात कॉम्प्युटर बघून पोट भरायचं नाही, म्हणून घरी येऊन परत तेच. त्या काळचे प्रोसेसर फार तापायचे आणि त्यांच्यावरचे पंखे मिक्सरसारखे ओरडायचे. बाबा म्हणायचे, "मिलिंद, तुझ्या मशीनला घरघर लागलीय रे. माझ्याआधी जातंय बहुतेक."

बाबांची झोपमोड होते हे मिलिंदला मनापासून लागायचं. म्हणून त्याने ठरवलं, पंखा काढायचा आणि प्रोसेसर पाण्याने थंड करायचा. पण पाणी फिरवायला पंप आला, म्हणजे पुन्हा आवाज. मग पंपच नको! प्रोसेसरवर तांब्याचा पोकळ ठोकळा, त्यातून वर गेलेल्या दोन पारदर्शक नळ्या, वर भिंतीवर जुन्या गाडीच्या हीटरची जाळी आणि तिच्या डोक्यावर काचेची बरणी. खाली पाणी तापलं की हलकं होऊन एका नळीने वर चढतं, जाळीत निवतं आणि जड होऊन दुसरीने खाली येतं. अभिसरण... हा धडा मी दरवर्षी शिकवायचे. उष्णता असेल तरच पाणी फिरतं, नसेल तर नाही. एवढं लक्षात ठेवा.

पहिल्यांदा नळाचं पाणी भरलं, तर थोड्याच दिवसांत नळ्यांत हिरवं शेवाळ. डिस्टिल्ड वॉटर घातलं, तेही बुळबुळीत झालं. मिलिंद डोक्याला हात लावून बसला होता, तेवढ्यात त्याची नजर देवघराकडे गेली.

आई-बाबा काशीला गेले होते तेव्हा दोघांसाठी तोंडं झाळून बंद केलेले दोन गडू आणले होते – शेवटच्या घटकेला तोंडात घालायची गंगा. आईंचा गडू त्यांच्या वेळी फोडला. बाबांचा तसाच होता, चांगला तांब्याएवढा मोठा.

"गंगेचं पाणी कितीही वर्षं राहिलं तरी किडत नाही म्हणतात," मिलिंद म्हणाला. इंजिनिअर झालेला माणूस!

"आणि बाबांना काय पाजणार?" मी विचारलं.

बाबांनी पेपरमधून डोकंसुद्धा वर काढलं नाही. "मला खडकवासल्याचं चालेल. जन्मभर तेच प्यायलोय, शेवटी कशाला ब्रँड बदलायचा? घे तो गडू. निदान जिवंतपणी झोप तरी लागेल मला."

गडू फोडला. आतलं पाणी लख्ख होतं... आणि ते चाललं! ना आवाज, ना शेवाळ. ठोकळा घासताना तांब्याचा थोडा कीस आत राहून गेला होता, त्याचे कण चमकत एका चालीने वर चढताना दिसायचे. बाबा पडल्या पडल्या ते बघत राहायचे आणि बघता बघता त्यांना झोप लागायची. मिलिंद दोन दिवस कॉलर ताठ करून हिंडत होता.

मे महिना आला. मला सुट्टी होती, त्यामुळे दिवसभर घरी. तेव्हा लक्षात आलं की बाबा पाणीच पीत नाहीत. त्यांच्या उशाशी भरून ठेवलेला तांब्या संध्याकाळी तसाच असायचा.

"बाबा, पाणी घ्या की थोडं. ऊन काय आहे बघा."

"अगं, आत्ताच प्यायलो."

"कधी? मी इथेच तर आहे."

"आत्ता." असं म्हणून ओठांवरून जीभ फिरवायचे. आणि ओठ खरोखर ओले असायचे.

मी घाबरून डॉक्टरांना बोलावलं. त्यांनी जीभ पाहिली, हाताची कातडी चिमटीत धरून पाहिली. म्हणाले, "पाणी अजिबात कमी पडलेलं नाही यांना. थकलेत, वय झालंय." थकत तर होतेच. आधी संध्याकाळचं फिरणं बंद झालं, मग दिवाणावरून उठायलाही हात द्यावा लागायला लागला.

इकडे बरणीतलं पाणी उतरत होतं. मिलिंद म्हणाला, बाष्पीभवन. मी झाकणाला कडेने मेण लावलं, तरी उतरलं. गळती म्हणावं तर खाली टिपूस नाही. "रविवारी सगळं खोलून बघतो," म्हणाला.

गुरुवार हा तेव्हा आमच्याकडचा लाइट जायचा वार. कॉम्प्युटर सकाळपासून बंद, मिलिंद ऑफिसला. दुपारची जेवणं आटोपून, ओटा पुसून मी हॉलमध्ये आले. सहज नळ्यांकडे लक्ष गेलं आणि तिथेच थांबले.

कण हलत होते.

मी ठोकळ्याला हात लावला. गार. वरची जाळी, तीही गार. आणि एका नळीतून वर, दुसरीतून खाली असं काही नव्हतं... दोन्ही नळ्यांतले कण खालीच येत होते. तेही सलग नाही. सरकायचे, थांबायचे. पुन्हा सरकायचे, थांबायचे. घोट घेतल्यासारखे.

मी मागे वळले. बाबा दिवाणावर उताणे, डोळे मिटलेले, तोंड बंद. त्यांचा कंठमणी हलत होता. कण सरकले की वर, थांबले की खाली.

मी भ्यायले. सरळ सांगते, खूप भ्यायले. बरणी रिकामी झाली होती, जाळीतलंही आता उतरत असणार. तो गडू कशासाठी आणलेला होता हे मला ठाऊक होतं, आणि डोक्यात एकच गोष्ट... हे पाणी संपता कामा नये. मी दोन्ही नळ्या मुठीत धरल्या आणि घट्ट दुमडल्या.

कण थांबले – आणि बाबांना ठसका लागला.

साधा ठसका नव्हता तो. डोळे उघडून वर गेले, हात हवेत काहीतरी धरायला लागले, श्वास आत जाईना. चेहरा निळा पडत चालला. मी "बाबा! बाबा!" म्हणून ओरडत होते आणि मूठ मात्र सोडत नव्हते. सोडली तर पाणी जाणार... नाही सोडली तर माणूस माझ्यासमोर गुदमरणार. किती वेळ गेला, देव जाणे. शेवटी बाबांनी माझ्याकडे पाहिलं आणि मान हलवली. सोड, म्हणून.

मी सोडलं.

ठसका थांबला. श्वास सुरळीत झाला. मी धावत जाऊन त्यांच्याजवळ बसले, छातीवरून हात फिरवत राहिले. नळ्यांकडे मुद्दाम पाठ केली होती, बघायची हिंमतच नव्हती.

"संपलं का गं?" त्यांनी विचारलं.

"नाही बाबा. पुष्कळ आहे अजून."

ते हसले. "मास्तरीण असून खोटं बोलतेस होय." मग एकदा घुटका गिळला, समाधानाने, जेवणानंतर गिळावा तसा. पुढचा श्वास आलाच नाही.

मागाहून मिलिंदने तो ठोकळा उघडला. आत ओलसुद्धा नव्हती, तांब्याचा कीस तेवढा तळाला. उन्हाळा, कुठेतरी बारीकशी गळती, थकलेला म्हातारा माणूस, घाबरलेल्या बाईचे डोळे – हे सगळं मी मांडून पाहिलंय. एकेक धरलं तर पटतं, एकत्र धरलं तर नाही. गार पाणी दोन्ही नळ्यांतून खाली आलं, ते गेलं कुठे? मला आजही माहीत नाही. अभिसरणाचा धडा आता दुसरे सर घेतात.

त्या संध्याकाळी घर भरलं. मिलिंदच्या आत्याने रडता रडता विचारलं, "दादाच्या तोंडात गंगा घातली का रे?" मिलिंदने रिकाम्या नळ्यांकडे पाहिलं आणि त्याला हुंदका फुटला. बिचाऱ्याला वाटलं, बाबा तसेच गेले.

"घातली," मी म्हटलं. "मीच. सगळी प्यायले."